घरच्या संगणकातला जाहिरातींचा आणि व्हायरसचा उपद्रव : सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा

जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज सुरू झाले की कित्येक घरांतला संगणक बऱ्याच महिन्यांनी उघडला जातो, आणि उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' अशी पाटी नाचायला लागते. गल्लीतलं उत्तर ठरलेलं असतं: फॉरमॅट मार. त्यात फोटो जातात, टॅलीचा डेटा जातो, आणि आठवड्याभरात तीच पाटी परत येते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दुकानात, शाळेच्या लॅबमध्ये, पतसंस्थेत नाहीतर कारखान्याच्या ऑफिसात जी मंडळी रोज अशी यंत्रं उघडतात, त्यांनी इथे लिहावं. लक्षण काय, मूळ कुठे, काय दाबायचं, आणि कुठे फसतं. 'आमच्याकडेही असंच झालं' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

पोवईनाका, सातारा

त्या कोपऱ्यातल्या पाटीपासूनच सुरू करू. तो व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साइटने 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' म्हटलेलं असतं आणि घरातल्या कुणीतरी दाबलेलं असतं. निकाल, सातबारा, पीक विमा यांच्या नावाने निघालेल्या नकली साइट हाच धंदा करतात. पाटीवर बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता असतो, तो वाचा. पत्ता दिसला की स्कॅन चालवत बसू नका, स्कॅनला काहीच सापडणार नाही.

क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. 'अलाउड' यादीतल्या अनोळखी साइटना रिमूव्ह करू नका, ब्लॉक करा. रिमूव्ह केलेली साइट पुढच्या भेटीत पुन्हा परवानगी मागू शकते. एकाच क्रोममध्ये बाबांचं आणि मुलाचं अशी दोन प्रोफाइल असतील तर प्रत्येकात हेच करावं लागतं. बहुतेक जण एकात करतात आणि 'गेलं नाही ओ' म्हणून परत येतात.

विश्रामबागकर, सांगली

पोवईनाका यांनी सांगितलेलं करूनही जाहिराती येत असतील तर मग खरी सफाई. क्रम महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. मग हार्डडिस्क बघा. आपल्याकडे घरोघरी अजून जुन्या फिरत्या डिस्क आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत साधन दुसऱ्या यंत्रावरून आणून चालवा. 'रिअलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग' याबद्दल पिवळा इशारा दिसला तर स्कॅन करायचाच नाही. पूर्ण स्कॅन म्हणजे सगळी डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचणं, आणि मरायला टेकलेली डिस्क तेवढ्यात जाते. आधी डेटा काढा.

डेटा म्हणजे फोटो, कागदपत्रं, टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरचे बुकमार्क. इन्स्टॉलर, क्रॅक (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची चोरटी फाइल), गेम, चालणारी कुठलीही फाइल उचलू नका. आणि ज्या एकुलत्या एक डिस्कवर घरचा बॅकअप आहे ती रोगी यंत्राला लावू नका, त्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह घ्या.

आता काढाकाढी. 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या आठवड्यात एकाच दिवशी तीन-चार वस्तू आलेल्या दिसतील: पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, पीसी क्लीनर, एखादा अनोळखी ब्राउझर. मोफत मराठी फाँट शोधताना मोठ्या हिरव्या डाउनलोड बटणावर क्लिक केलं की हा जुडगा येतो. खरी लिंक त्याच्या खाली बारीक असते. हे सगळं अनइन्स्टॉल करा. अनइन्स्टॉल करताना 'राहू द्या, ५०% सूट' असं विचारतात आणि मोठं बटण ठेवण्याचंच असतं, तेव्हा वाचून दाबा.

मग नेट जोडा आणि ॲडडब्ल्यूक्लीनर चालवा; जाहिराती घुसवणारे प्रोग्राम, म्हणजे ॲडवेअर, काढणारं हे साधन. हे आता मालवेअरबाइट्सचं आहे, २०१६ पासून, आणि इन्स्टॉल करावं लागत नाही. निकालाच्या शेवटी 'प्रीइन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर' अशी वेगळी यादी येते. ती लॅपटॉप कंपनीची साधनं असतात, त्यावर सरसकट टिक मारू नका, नाहीतर ब्राइटनेसची किंवा टचपॅडची बटणं बंद पडल्याची तक्रार येईल. त्यानंतर मालवेअरबाइट्सचा मोफत स्कॅन. सुरुवातीचे १४ दिवस तो सशुल्क रूपात चालतो, नंतर फक्त आपण सांगू तेव्हा स्कॅन करतो. घाबरून पैसे भरायची गरज नाही.

शेवटी विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, त्यात 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन' (डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस). यंत्र रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासलं जातं, साधारण १५ मिनिटं. विंडोज चालू असताना लपून बसणारे इथे सापडतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच करा. आपल्याकडच्या लोडशेडिंगला वेळकाळ नसतो, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वीज टिकेल अशी वेळ बघा.

सेतूकाठी, इस्लामपूर

विश्रामबागकर सरांच्या यादीला एक पुरवणी. महा ई-सेवा केंद्राचं यंत्र असेल तर 'अनोळखी दिसलं, काढलं' हे करू नका. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, सही करताना मागे चालणारी छोटी सेवा, ही नावं चोरटीच वाटतात. ती उडाली की दुसऱ्या दिवशी अंगठा उमटत नाही आणि बाहेर रांग. सफाईच्या आधी चालकाला विचारून तेवढी नावं कागदावर लिहून घ्या.

मिरजजंक्शन

पेनड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणला आणि फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, ही तक्रार अजून संपलेली नाही. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डरही उघडतो आणि मागे व्हायरसची स्क्रिप्टही चालते, म्हणून माणसाला शंका येत नाही.

लोक आधी पेनड्राइव्ह साफ करतात आणि अर्ध्या मिनिटात शॉर्टकट परत. कारण स्क्रिप्ट संगणकात जिवंत आहे. म्हणून आधी टास्क मॅनेजर उघडा, 'विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' दिसेल, तो एंड टास्क करा. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून 'शेल कोलन स्टार्टअप' टाका. त्या फोल्डरमध्ये विचित्र नावाची व्हीबीएस, जेएस फाइल किंवा शॉर्टकट असेल तर उडवा. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' पानावरही तेच नाव असेल, तेही बंद करा.

आता पेनड्राइव्ह. समजा त्याचं अक्षर एफ आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून लिहा: ए-टी-टी-आर-आय-बी, जागा, वजा एच, जागा, वजा आर, जागा, वजा एस, जागा, तिरकी रेघ एस, जागा, तिरकी रेघ डी, जागा, आणि एफ, कोलन, उलटी तिरकी रेघ, तारा, टिंब, तारा. एंटर. १६ जीबीचा भरलेला पेनड्राइव्ह असेल तर थोडं थांबा, मधेच ओढू नका. अक्षर मात्र दोनदा तपासा. एफच्या जागी सी टाकलं तर विंडोजच्या लपवलेल्या फायली उघड्या पडतात आणि मग घरातलं कुणीतरी त्या कचरा म्हणून पुसतं.

एक जात अशी आहे की सगळा डेटा नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये कोंबते. वरची आज्ञा दिल्यावर नुसतं फोल्डरचं चित्र दिसतं, खाली नाव नाही. ते पुसू नका! सगळा माल त्यातच असतो. आतलं बाहेर काढून घ्या, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

प्रिंटसाठी शक्यतो पीडीएफ पाठवा, पेनड्राइव्ह नेऊच नका. न्यावाच लागला तर त्यावर प्रिंटच्या फाइलशिवाय काही ठेवू नका.

कराडचा_संगम

सगळं साफ केलं तरी ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पान येतं. चार जागा बघायच्या.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट'ची ओळ. ती सहसा डॉट ईएक्सई आणि अवतरण चिन्हाशी संपते. त्यापुढे साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा पुसा. टास्कबारवरचं चिन्ह वेगळं असतं, तेही तपासा.

टास्क शेड्युलर. दर तासाला किंवा लॉगिन होताच एखादा पत्ता उघडणारं काम इथे नोंदवलेलं असतं. आपोआप उघडणाऱ्या जाहिरातींचं मूळ बरेचदा इथेच.

क्रोमच्या मेनूत खाली 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं दिसतंय आणि यंत्र तर घरचं आहे? मग कुणीतरी पॉलिसी (वरून लादलेली सेटिंग) घालून एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं साधन) सक्तीने बसवलंय, म्हणूनच त्याचं रिमूव्ह बटण दाबलं जात नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम इथे नावात 'फोर्सलिस्ट' असलेली नोंद असते. आधी ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा, मग पुसा. मात्र काही अँटिव्हायरसही पॉलिसी घालतात, तेव्हा यादीतलं एक्स्टेंशन कुठलं ते बघूनच हात लावा.

चौथी जागा म्हणजे गूगल खातं. सिंक चालू असेल तर इथे काढलेलं एक्स्टेंशन दुसऱ्या लॅपटॉपवरून परत येतं. आधी सगळ्या यंत्रांवर सिंक बंद, सगळीकडे सफाई, मग चालू.

ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स घ्यावं. विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टी ते दाखवतं. 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' लावलं की यादी आटोक्यात येते. पिवळी ओळ म्हणजे फाइलच जागेवर नाही. गुलाबी म्हणजे प्रकाशकाची खात्री नाही. ती दोषी असेलच असं नव्हे, तिच्यावर उजवं क्लिक करून व्हायरसटोटलवर (एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासणारी साइट) तपासा. लगेच पुसू नका, नुसती टिक काढून रीस्टार्ट करून बघा.

तासगाववाले

निम्मे 'व्हायरस' हे ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती डिस्क असतात. टास्क मॅनेजरमध्ये काही न करता डिस्क १००% दिसतेय? २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. अँटिव्हायरसवर अँटिव्हायरस चढवून जुनी डिस्क वेगवान होणार नाही.

हळदबाजार, सांगली

फायलींची नावं बदलली, प्रत्येकीच्या शेवटी चार अनोळखी अक्षरं, आणि फोल्डरोफोल्डरी 'रीडमी' नावाची चिठ्ठी. हे ॲडवेअर नाही, ही खंडणी आहे: फायलींना कुलूप लावून किल्लीसाठी पैसे मागतात. घरगुती यंत्रांवर आढळणारी स्टॉप उर्फ डीजेव्हीयू ही जात सहसा क्रॅक आणि फुकट ॲक्टिव्हेटरबरोबर (परवाना न घेता विंडोज-ऑफिस चालू करणारी चोरटी साधनं) येते. चिठ्ठीत ९८० डॉलर मागतात, ७२ तासांत दिले तर ४९०. कुलूप लावताना पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतात, त्यामुळे माणूस मुकाट्याने वाट बघत बसतो.

दिसल्या क्षणी यंत्र नेटवरून आणि बाहेरच्या डिस्कवरून तोडा. कुलूपबंद फायली आणि चिठ्ठी पुसू नका. चिठ्ठीच्या शेवटी पर्सनल आयडी असतो. तो 'टी१' अक्षरांनी संपत असेल तर ऑफलाइन किल्ली (त्या उपजातीत अनेकांना एकच असलेली) वापरलीय, आणि एमसिसॉफ्टच्या मोफत साधनाने फायली उघडण्याची आशा आहे. नसेल तर किल्ली त्यांच्याकडेच. 'हमखास उघडून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. तपासणीसाठी 'नो मोअर रॅन्सम' हे ठिकाण २०१६ पासून मोफत आहे.

हताश होण्याआधी एक करून बघा. ही जात प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे सुमारे १५० केबीच बिघडवते. मोठी झिप फाइल असेल तर तिची प्रत घेऊन शेवटचं जोडलेलं नाव काढा आणि सेव्हनझिपने उघडा. पहिली एखाद-दुसरी सोडून बाकी फायली निघू शकतात. मोठे व्हिडिओही दुरुस्त होऊ शकतात. वर्ड-एक्सेलच्या लहान फायलींचं मात्र काही होत नाही.

बहुतेकदा याच्याबरोबर पासवर्ड चोरणारा साथीदारही येतो. म्हणून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड लगेच बदला, पण त्या यंत्रावरून नाही.

अजून एक. ॲक्टिव्हेटर टाकणाऱ्याने डिफेंडरला गप्प केलेलं असतं. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली 'एक्सक्लुजन्स'. तिथे आख्खा सी ड्राइव्ह वगळलेला दिसला तर डिफेंडर कितीही स्कॅन करो, 'सब ठीक' म्हणणार. ती नोंद काढा, मग स्कॅन करा.

वाईचा_घाट

पूर्ण पडदाभर निळं पान, भोंगा, आणि 'या नंबरवर फोन करा'. फोन करू नका. आल्ट आणि एफ४. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद. पुन्हा उघडताना 'रिस्टोर पेजेस' विचारेल, तिथे नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत. कुणी फोन करून एनीडेस्क (दुरून आपलं यंत्र चालवू देणारं ॲप) चालू केलंच असेल तर आधी नेट तोडा, बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

रहिमतपूर_रोड

अँटिव्हायरस कुठला, हा वाद इथे नको. (क्विक हीलचे कैलाश काटकर आमच्या रहिमतपूरचे, त्यामुळे आमच्या गावात हा वाद होतच नाही.) एकच ठेवा. दोन ठेवले तर दोघं एकमेकांच्या फायली तपासत बसतात. जुना काढताना नुसतं अनइन्स्टॉल पुरत नाही, त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल चालवा. अर्धवट उरलेला ड्रायव्हर नव्याला बसू देत नाही.

सरकारी मोफत साधनंही आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं, तिथे बॉट (यंत्र गुपचूप दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्राम) काढण्याची साधनं आणि सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं पेनड्राइव्हवर ताबा ठेवणारं 'यूएसबी प्रतिरोध' मिळतं. शाळेच्या लॅबला उपयोगी.

पोवईनाका, सातारा

मग फॉरमॅट कधीच नाही का, असं कुणीतरी विचारणारच. काही वेळा करावाच लागतो. रॅमनिट, सॅलिटी यांसारख्या जाती प्रत्येक चालणाऱ्या फाइलमध्ये घुसतात, रॅमनिट तर एचटीएमएल फायलींतही. एका स्कॅनमध्ये शेकडो फायली बाधित दिसल्या की निवडत बसू नका. पासवर्ड चोरणारा सापडला तरी तेच.

कोरं विंडोज टाका, आणि ते मायक्रोसॉफ्टच्या साधनाने दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर बनवलेल्या ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून. दुकानात फिरणाऱ्या 'सगळं घातलेल्या' डीव्हीडीतच ॲक्टिव्हेटर असतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा यंत्राला झेपत असेल तर ११ च टाका.

विश्रामबागकर, सांगली

त्याआधी नव्या लॅपटॉपचं एक लक्षात ठेवा. डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) बंद असेल तर सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टी घेऊन विंडोज सुरू करायचा प्रकार) जातानासुद्धा ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं बहुधा विकणाऱ्या दुकानदाराने घाईत काढून दिलेलं असतं. खात्याचा ईमेल आणि पासवर्ड चालतो का ते विंडोज नीट चालू असतानाच बघा, की कागदावर उतरवा, मगच शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा.