मदत हवी आहे: गावचा राऊटर लांबून बंद-चालू कसा करावा?
नमस्कार मंडळी. आई-बाबा कोकणात, मी पुण्यात. लाईट जाऊन आली की घरचा राऊटर हँग होतो, नुसता लाल दिवा. मग बाबांना माळ्यावर चढून स्विच मारावा लागतो, आणि त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत.

वायफायचा स्मार्ट प्लग इथे कुचकामी. राऊटरच अडकला तर त्याला आज्ञा पोचणार कशी? मग सिमवर चालणारा जीएसएम रिले (फोन किंवा मेसेजवरून चालू-बंद होणारा स्विच) घ्यावा, की पिंगला (नेट चालू आहे का हे तपासणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर आलं नाही तर स्वतःच पुरवठा तोडून पुन्हा जोडणारा वॉचडॉग (राखणदार उपकरण)? रिले नॉर्मली क्लोज्ड (म्हणजे एरवी पुरवठा जोडलेलाच राहील असा) जोडला, तर तो बिघडला तरी राऊटर चालू राहील ना?

कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर मात्र यातून वेगळा ठेवायचाय, वीज अशी अचानक तुटून त्याची हार्ड डिस्क बिघडेल अशी धास्ती वाटते. मोबाईलची रेंज तिथे जेमतेम आहे. प्रत्यक्ष वापरलेलं कोणी असेल तर कृपया सांगा.