मदत हवी आहे: नेरीसच्या स्नायूपट्टीवर न्यूरोपेप्टाइड

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीच्या चिखलातल्या नेरीस या वलयी किड्यावर काम चालू आहे. अंगाच्या भिंतीची लांबट पट्टी समुद्राच्या पाण्यात टांगायची, एका टोकाला लिव्हर, आणि आकुंचन नोंदवायचं. असिटिलकोलीनचा (चेतातंतूंतून स्नायूंना संदेश देणारं रसायन) थेंब पडला की पट्टी झटक्यात आखडते, अगदी पुस्तकात दिल्यासारखी. घोडं अडलंय ते एफएमआरएफ-अमाइडपाशी. चारच अमिनो आम्लांचं हे न्यूरोपेप्टाइड, म्हणजे चेतापेशींतलं संदेशवाहक पेप्टाइड, १९७७ साली शिंपल्यातून वेगळं केलेलं. एका पट्टीवर ताण हळूहळू चढतो, दुसरी ढिम्म!

शंका तीन. पट्टी कापण्याआधी किड्याला बधिर करायला मॅग्नेशियम क्लोराइड वापरते. ते चेतातंतूंतून रसायन सुटणंच रोखतं, मग किती वेळ धुवावं? दुसरं, शेवटचा अमाइड गट नसेल तर पेप्टाइड जवळपास निकामी. बाटलीवर तसा स्पष्ट उल्लेख नाही, घरच्या घरी तपासता येईल का? (रेणूचं वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर आमच्याकडे कुठला!) तिसरं, पावसात खाडीचं पाणी गोडसर होतं. तेव्हा पकडलेले किडे आणि उन्हाळ्यातले एकाच तक्त्यात धरू नयेत, असं मला वाटतं; सर म्हणतात चालतं.

कोणी वलयी प्राण्यांच्या स्नायूंवर हात चालवलाय का? पेप्टाइडच्या दोन मात्रांमध्ये किती वेळ सोडता, तेही सांगा.