टेकडीजवळच्या पाल्यात माइट (कोळ्यांचा चिमुकला नातलग) सापडलाय, नवीन प्रजाती आहे का कसं कळणार?

टेकडीवेडा: वेताळ टेकडीच्या पायथ्याला सोसायटी आमची, मागे ग्लिरिसिडियाचा पाला साठतो. तो आणून त्यातले बारीक जीव खाली उतरावेत म्हणून घरीच फनेल केलं, बाटलीचा वरचा भाग उलटा, त्यात जाळी, वर टेबल लॅम्प, खाली अल्कोहोल. सकाळी बघतो तर तळाला चॉकलेटी कण, मायक्रोस्कोपखाली आठ पाय! नेटवरच्या एकाही फोटोशी जुळत नाही राव. नवीन असेल का, आणि नाव आपल्याला देता येतं का?

स्लाइडवाला: फोटोशी जुळत नाही म्हणून नवीन असं नसतं हो. कडक पाठीचे चॉकलेटी म्हणजे बहुतेक ओरिबॅटिड, माइटचाच एक गट, त्यांच्याच दहा हजारांवर प्रजातींना नावं मिळालीयेत आणि कित्येकांची फक्त जुन्या पेपरातली रेखाचित्रं आहेत. आधी लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये ठेवा, कवच पारदर्शक व्हायला वेळ लागतो, घाई नको. मग पाठीवरचे केस मोजा, नखं एक की तीन बघा, आणि मुख्य म्हणजे सेन्सिलस, पुढच्या भागावर दोन खड्डे असतात त्यातून निघणारा केस, तो दोऱ्यासारखा आहे की टोकाला गदेसारखा फुगलेला? जीनसपर्यंत, म्हणजे प्रजातीच्या वरच्या गटापर्यंत, पोचायलाच यात जीव जातो.

कुंडीकाकू: मधेच विचारते, हे झाडं खातात का? माझ्या गच्चीवर कंपोस्ट आहे.

स्लाइडवाला: नाही काकू, हे बुरशी आणि कुजका पाला खातात, असू देत. पानांवर जाळी करणारा लाल कोळी वेगळा.

टेकडीवेडा: डायरेक्ट डीएनए केलं तर?

निम्फ_नको: एकट्या डीएनएवर भागत नाही. डेटाबेसमध्ये जुळलं नाही याचा अर्थ कुणी अजून त्या प्रजातीचा सिक्वेन्स (डीएनएचा क्रम) टाकला नाही एवढाच असू शकतो. करायचंच तर कवच शाबूत ठेवून डीएनए काढणाऱ्याकडे द्या, नमुना कुटून टाकलात तर तुलना कशाशी करणार! आणि एकाच नमुन्यावर उडी नको, अजून गोळा करा, त्यात निम्फ म्हणजे पिल्लं पण येतात, ते प्रौढांसारखे दिसतच नाहीत, त्यांनाच लोक नवीन समजतात. नावाचं म्हणाल तर रीतसर वर्णन छापून यावं लागतं, होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्यावर ठरतं तो मूळ नमुना, कुठल्या संग्रहात ठेवला ते सांगावं लागतं, फक्त ऑनलाइन जर्नल असेल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही पण लोक हसतात 😄 आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, तिथे मेल टाकून बघा.

स्लाइडवाला: आणि लेबल पेन्सिलने लिहून बाटलीच्या आतच टाका, ठिकाण, तारीख, कुठल्या झाडाखालचा पाला. पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. बल्ब किती वॅटचा लावलाय? पाला पटकन तापला तर ते खाली उतरायच्या आतच मरतात.