ज्युलियातून मॅटप्लॉटलिब वापरणारे बॅकएंड कुठे सेट करता? सल्ला हवाय

आलेखवेडी
मंडळी, आमचं सिम्युलेशन पायथनवरून ज्युलिया भाषेत नेलंय पण आलेख मात्र अजून मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख लायब्ररीतच, कारण सगळ्या स्टाइल फाइल्स तिथल्या आणि सरांना दुसरं काही दाखवलं की ते आधी फॉन्टवरच बोलतात. तर ज्युलियातून मॅटप्लॉटलिब चालवणारं पायप्लॉट पॅकेज घेतलं. लॅपटॉपवर उबुंटू आहे, पायथनमधून शो म्हटलं की खिडकी झकास उघडते, ज्युलियातून तेच केलं की "नो वर्किंग जीयूआय बॅकएंड फाउंड" अशी वॉर्निंग आणि पुढे सामसूम. पिपने पायक्यूटी (खिडक्या काढणारी क्यूटी लायब्ररी) टाकून पाहिलं, ढिम्म फरक नाही. शिवाय हीच स्क्रिप्ट सर्व्हरवर पण चालायला हवी, तिथे स्क्रीनच नाही, नुसती पीएनजी पडली तरी चालेल. दोन वेगळ्या स्क्रिप्ट ठेवायच्या नाहीयेत. तुम्ही लोक काय करता?

टर्मिनलतात्या
बॅकएंड, म्हणजे आलेख खिडकीत किंवा फाइलमध्ये काढणारा भाग, त्याच्या आधी एक बघ, ज्युलिया कुठला पायथन धरून बसलाय. ज्युलियात पायकॉल (ज्युलिया-पायथन जोडणारं पॅकेज) लोड कर आणि पायकॉल डॉट पायथन छाप. माझा अंदाज, तिथे यूएसआर बिनवाला सिस्टीमचा पायथन दिसेल आणि तू पायक्यूटी टाकलंस ते तुझ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे वेगळ्याच घरात. लिनक्सवर पायकॉल बिल्ड होताना पाथमध्ये जो पायथन३ सापडतो तो धरतं आणि तोच लक्षात ठेवतं, मॅक-विंडोजवर मात्र स्वतःचा मिनीकोंडा (पायथनचा वेगळा छोटा संच) उतरवून घेतं. नंतर तू टर्मिनलमध्ये कितीही एन्व्हायर्नमेंट अॅक्टिव्हेट कर, त्याला पत्ता नाही.

इलाज: ज्युलियाच्या ईएनव्हीमध्ये (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची यादी) पायथन या नावाला तुझ्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पाथ दे, पायकॉल परत बिल्ड कर, ज्युलिया बंद करून उघड. बंद करायचं विसरू नको, चालू सेशनमध्ये पायथन बदलत नाही. सिस्टीमचाच पायथन ठेवायचा असेल तर टीके (क्यूटीसारखीच खिडक्यांची लायब्ररी) वेगळं टाकावं लागतं, पायथन३-टीके या नावाचं पॅकेज आहे.

खटपट्या
तात्यांना +१. पायएन्व्हने (पायथनच्या आवृत्त्या बांधणारं साधन) बांधलेला पायथन असेल तर एनेबल-शेअर्ड देऊन बांधलेला हवा, नाहीतर पायकॉलला लिबपायथन ही पायथनची लायब्ररी फाइल सापडत नाही आणि एरर अशी येते की माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

सर्व्हरसाठी सोपं आहे, कोडला हातच लावू नकोस. तिथल्या जॉब स्क्रिप्टमध्ये एमपीएलबॅकएंड (मोबाइलवर आहे म्हणून असं लिहितोय, खरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि सलग) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल अॅग असा एक्स्पोर्ट कर. अॅग नुसतं पिक्सेल रंगवतं, खिडकी मागतच नाही. लॅपटॉपवर तो व्हेरिएबल सेटच करायचा नाही, मग जे असेल ते उचलतं. ज्युलियाच्या आतून सेट करणार असशील तर यूझिंग पायप्लॉटच्या ओळीच्या वर, खाली लिहून उपयोग शून्य.

बिंदुरेषा
एवढा उपद्व्याप कशाला? प्लॉट्स आणि जीआर ही ज्युलियाची आलेख पॅकेजेस वापर ना, पायथनची कटकटच मिटली. सर्व्हरवर जीकेएस-डब्ल्यूएसटाइप हा व्हेरिएबल १०० ठेवला की झालं.

आलेखवेडी
बिंदुरेषा, वर लिहिलंय ना गं, स्टाइल फाइल्स 😅 त्या परत कोण लिहिणार.
तात्या, तुमचा अंदाज बरोब्बर होता, सिस्टीमचाच पायथन निघाला. रिबिल्ड केलं, पण आता नवीनच, क्यूटी लोड होताना जीएलआयबीसीएक्सएक्स अमुक व्हर्जन सापडत नाही म्हणतंय. आणि हो, स्क्रिप्ट फाइल म्हणून चालवली की खिडकी क्षणभर येऊन जाते ते वेगळंच.

टर्मिनलतात्या
हे जुनं दुखणं. ज्युलिया स्वतःची सी प्लस प्लस लायब्ररी सोबत घेऊन येतं आणि ती आधी लोड होते, मग तुझ्या क्यूटीला तिच्यापेक्षा नवी हवी असली की दोघांचं भांडण. ज्युलिया अपडेट कर, नव्या आवृत्त्या सिस्टीमची लायब्ररी जास्त नवी असेल तर ती घेतात. अपडेट जमत नसेल तर ईएनव्हीत पायथन रिकामं ठेवून बिल्ड कर, ज्युलिया आपला कोंडा आणेल, बरीच डिस्क जाईल पण निदान तुझ्या पायथनशी त्याचा संबंध राहणार नाही.

खिडकीचं म्हणशील तर स्क्रिप्ट संपली की प्रोसेस संपते, खिडकी कशी राहील. शेवटी पायप्लॉट डॉट शो लिही.

खटपट्या
नवीन प्रोजेक्ट असेल तर पायथनप्लॉट बघ, पायकॉलसारख्याच पायथनकॉल या पॅकेजवर आहे आणि प्रत्येक प्रोजेक्टला आपापला पायथन मिळतो. पण चालू प्रबंधाच्या मध्यात बदलू नको असं माझं मत.

अजून एक, फोल्डरमध्ये जुनी मॅटप्लॉटलिबआरसी ही सेटिंगची फाइल पडली असेल तर ती बघून घे. चालू फोल्डरमधली फाइल होम फोल्डरमधल्या फाइलच्या आधी वाचली जाते, त्यामुळे एका फोल्डरात फॉन्ट बरोबर आणि शेजारच्यात नाही असले चमत्कार होतात. मॅटप्लॉटलिब-एफनेम फंक्शन विचार, कुठली वाचली ते सांगतं.

आलेखवेडी
अपडेट केलं, खिडकी आली!! सर्व्हरवर पण अॅगने पीएनजी पडल्या. आता शेवटचं, पोस्टरसाठी अक्षांवर मराठी लेबलं हवीयेत, नोटो देवनागरी लावला तर "स्थिती"मधल्या वेलांट्या भलतीकडेच बसतायत. हे पण बॅकएंडचंच का?

टर्मिनलतात्या
हो, त्याचंच. मी वापरतो त्या आवृत्तीत अॅग एकेक अक्षर मांडत जातं, जोडाक्षरं-वेलांट्या जुळवणं त्याच्या गावी नाही. पण त्यासाठी सगळा बॅकएंड बदलू नकोस. सेव्हफिगला त्या एका फाइलपुरतं बॅकएंड पीजीएफ दे आणि पीडीएफ काढ, तो मजकूर झीलाटेक या टाइपसेटिंग प्रोग्रामकडे पाठवतो. पीजीएफच्या प्रीअॅम्बलमध्ये फॉन्ट लावताना स्क्रिप्ट देवनागरी लिही आणि पीजीएफ-आरसीफॉन्ट्स बंद कर. लाटेक मशीनवर असायला हवं अर्थात.

खटपट्या
लाटेक नको असेल तर एमपीएलकैरो हा बॅकएंड आहे, तोही राकम या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीच्या जोरावर देवनागरी नीट मांडतो. पीएनजीच हवी असेल तर मी तोच वापरतो.