झडप दोघांची सारखीच अरुंद, मग हृदयाची भिंत एकाचीच जाड का?

नौपाडा, ठाणे येथून प्रश्न:
माझे वडील 61 वर्षांचे आहेत. त्यांच्या महाधमनीच्या झडपेचे क्षेत्रफळ 0.8 चौरस सेंटिमीटर इतके उरले असून, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत 15 मिलिमीटर जाड असल्याचे लिहिले आहे. धाकट्या काकांची झडप जवळपास तेवढीच अरुंद आहे, परंतु त्यांची भिंत 12 मिलिमीटरच भरली. हा फरक जनुकांमुळे पडतो का? जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

वाशीहून उत्तर:
झडप अरुंद झाली की रक्त पुढे ढकलण्यासाठी हृदयाला अधिक दाब निर्माण करावा लागतो आणि तो ताण वाटून घेण्यासाठी स्नायू जाड होतो. मात्र तो किती जाड व्हावा, हे झडप एकटी ठरवत नाही. रक्तदाब, वय, वजन, स्त्री-पुरुष भेद आणि जनुके या सर्वांचा त्यात वाटा असतो. रक्तदाबाच्या नियंत्रणाशी संबंधित एसीई या जनुकाच्या दोन रूपांवर बरेच संशोधन झाले, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, म्हणून केवळ त्यासाठी चाचणी करण्यात मला अर्थ दिसत नाही. वडिलांना रक्तदाबाचा त्रास किती वर्षांपासून आहे, हे आपण लिहिलेले नाही.

ऐरोलीहून उत्तर:
वरील मताशी मी सहमत आहे, एका अपवादासह. जाडी मुख्यतः दोन जवनिकांमधील पडद्यातच असेल, किंवा झडपेच्या मानाने फारच जास्त असेल, तर स्नायूचाच आनुवंशिक आजार, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, सोबत आहे का हे हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे. त्यात एमवायएच7 आणि एमवायबीपीसी3 ही जनुके प्रामुख्याने तपासतात. तथापि, माझ्या मते आपला प्रश्न थोडा चुकीच्या जागी रोखलेला आहे. दोन सख्ख्या भावांची झडप या वयात अरुंद व्हावी, हेच अधिक बोलके आहे. या झडपेला सामान्यतः तीन पाकळ्या असतात; शंभरातील एका-दोघांना जन्मतः दोनच असतात आणि हा दोष कुटुंबात उतरू शकतो. अहवालात पाकळ्यांची संख्या पाहावी.

मूळ प्रश्नकर्ता:
अहवाल पुन्हा वाचला. वडिलांच्या झडपेला दोनच पाकळ्या आहेत आणि रक्तदाबाची गोळी त्यांना 18 वर्षांपासून सुरू आहे, तर काकांना रक्तदाब नाही. जनुकीय चाचणीचा विषय तूर्त बाजूला ठेवला असून, मी आणि बहीण दोघेही पुढच्या शनिवारी इको करून घेणार आहोत.