श्रावणात काळाराम मंदिर, गोदाघाट आणि जुनं नाशिक: आईबाबांसोबत अर्धा दिवस कसा आखावा?

अनघा_पुणे

श्रावणात आईबाबांना घेऊन नाशिकला येतोय. मुक्काम कॉलेज रोडला, गाडी आपली. काळाराम मंदिर, रामकुंड आणि सराफ बाजाराकडचा जुना भाग एवढंच बघायचंय, त्र्यंबक या खेपेला नाही. बाबा ठणठणीत आहेत. आईचे गुडघे दुखतात. कठडा असेल तर पायऱ्या चढते, पण वाकणं किंवा उकिडवं बसणं जमत नाही. सोमवार धरावा की बुधवार? गाडी कुठे लावावी? सीता गुंफा तिला झेपेल का? आणि पितळेचं पातेलं घ्यायचं तर काय बघून घ्यावं? नाश्त्याचंही सांगा.

पंचवटीकर

दोन्ही वार नकोत. श्रावणी सोमवारी रामकुंडाजवळच्या कपालेश्वर महादेवाला गर्दी उसळते आणि तिचा ताण थेट रामकुंडापर्यंत येतो. बुधवारी घाटावर आठवडे बाजार असतो. बाजार सुंदर असतो, पण भाजीचे ढीग, हातगाड्या आणि ओला चिखल यांतून आईंना चालवणं बरं नाही. मंगळवार किंवा गुरुवार घ्या, फक्त त्या दिवशी एकादशी नाही ना ते कॅलेंडरात बघा.

गाडी हॉटेलवरच ठेवा. पंचवटी कारंजाच्या पुढच्या गल्ल्यांत समोरून टेम्पो आला की मागेही जाता येत नाही. त्यात रामकालपथाची (काळाराम-रामकुंड परिसराच्या विकासाची) आणि सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं, त्यामुळे आज उघडा असलेला रस्ता उद्या उघडा असेलच असं नाही. रिक्षाने सकाळी साडेसहा-सातला काळारामापाशी उतरा. परत जाताना नदीच्या पलीकडून, रविवार कारंजावरून रिक्षा करा. म्हणजे चालणं एकाच दिशेने होतं, तेही बरचसं उताराचं.

मंदिरात शिरल्या शिरल्या गाभाऱ्याकडे धावू नका. आवाराभोवती कमानींच्या ओवऱ्या आहेत, आईंना आधी तिथे बसवा. तिथून देऊळ पायथ्यापासून कळसापर्यंत एका नजरेत येतं, जवळ गेल्यावर ते दिसत नाही. सरदार रंगराव ओढेकरांनी १७८२च्या सुमारास काम सुरू केलं, दगड रामशेजच्या डोंगरातला. समोरचा सभामंडप मुख्य देवळापासून सुटा आहे. त्यातल्या मारुतीपाशी उभं राहून गाभाऱ्याकडे बघा, मारुतीची नजर थेट रामावर आहे. राम, सीता, लक्ष्मण तिन्ही मूर्ती काळ्या पाषाणाच्या. गाभाऱ्याचे फोटो काढू नका.

दर्शन झालं की महाद्वारापाशी थांबा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिकमध्ये तो उभा करण्यात दादासाहेब गायकवाडांचा वाटा फार मोठा. सत्याग्रहींसाठी देवळाचे दरवाजे बंद ठेवले गेले आणि लढा पुढे काही वर्षं चालला. हे आईबाबांना दारातच सांगा. हा इतिहास वगळून काळाराम बघणं म्हणजे अर्धंच बघणं.

सीता गुंफा आईंना नाही. आतली वाट इतकी ठेंगणी आणि अरुंद आहे की उकिडवं बसत, सरकत जावं लागतं. पुढे माणसं, मागे माणसं, मध्येच परत फिरता येत नाही. गुडघे, दमा, रक्तदाब यांपैकी काहीही असेल तर बाहेर थांबावं. बाहेरचे पाच वड मात्र त्या आरामात बघू शकतील.

गोदाकाठ

वर सगळं नेमकं आलंय. घाटाचं मी सांगतो, कारण श्रावणात खरी गडबड तिथेच होते.

निघायच्या सकाळी गंगापूर धरणातून किती पाणी सोडलंय ती बातमी बघा. नाशिकमध्ये पाऊस नसला तरी वरच्या पाणलोटात पडत असेल तर विसर्ग वाढतो आणि घाटावर पाणी चढतं. इथे पूर मोजतात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. मारुतीच्या पायाला पाणी लागलं असेल तर खाली उतरायचंच नाही, होळकर पुलावरून बघायचं. घाटावर गाड्या लावून लोक देवदर्शनाला जातात आणि मग त्या पाण्यात अडकतात, म्हणून आपली गाडी न आणण्याचा सल्ला पावसाळ्यात दुप्पट खरा.

पाणी कमी असलं तरी रामकुंडाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. आईंनी वरच्या पायरीवरच थांबावं, बाबांनी आधार धरून पाय धुवावेत. स्नान करायचं असेल तर कपडे बदलायची सोय कुठे आहे ते तिथेच विचारा. गोदावरी इथे दक्षिणेकडे वळते, म्हणून पितृकार्य आणि अस्थिविसर्जन इथे होतं. शेजारी कुणाचे विधी चालू असतील तेव्हा मोबाइल खिशात ठेवा, ही कळकळीची विनंती.

विधी करायचा नसेल तर गुरुजींना नम्रपणे "फक्त दर्शन" म्हणा, तेवढं पुरतं. करायचाच असेल तर साहित्य आणि दक्षिणा मिळून किती, हे बसण्याआधी ठरवा. ताट मांडल्यावर मग अवघडल्यासारखं होतं. एक मात्र जरूर करा: इथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. आडनाव, मूळ गाव आणि पणजोबांपर्यंतची नावं कागदावर लिहून आणा. नुसत्या आडनावावर शोध लागत नाही, मूळ गाव लागतंच.

गंगा-गोदावरी मंदिर बंद दिसलं तर आज काही सुट्टी आहे असं समजू नका, ते फक्त सिंहस्थात उघडतं. कपालेश्वराला पायऱ्या चढाव्या लागतात. वर शंकरासमोर नंदी नाही, हे बाबांना दाखवा. नारोशंकराची घंटा चुकवू नका: देऊळ १७४७चं, घंटा वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीजांकडची. ती खालूनही नीट दिसते.

तांबट_आळी

पितळेचं पातेलं: नदी ओलांडून सराफ बाजार, सरकारवाडा, मग भांडीबाजार असे या. सरकारवाड्यात आत जाता येतंय का ते दारातच विचारा, नाहीतर बाहेरून बघा, पेशवेकालीन वाडा आहे.

भांडं वजनावर विकतात. आधी किलोचा भाव विचारा, मग वजन समोर करायला लावा आणि घडणावळ (मजुरी) वेगळी आहे का ते पक्कं करा. हातात घेऊन काठ आणि बूड दोन्ही दाबून बघा. काठ जाड आणि बूड पातळ असेल तर भाजी तळाला लागते. सपाट जागेवर ठेवून डुगडुगतं का बघा, गॅसवर तेच त्रास देतं. स्वयंपाकाला घेणार असाल तर आतून कल्हई हवीच. बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंच, टोमॅटो कळकतात. कल्हई पांढरी, सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. कोपऱ्यात पिवळं डोकावत असेल तर पुन्हा करून मागा. घरी कोरडं तापवू नका, रिकाम्या भांड्यावर कल्हई वितळते.

अनघा_पुणे

मनापासून आभार. दोनच शंका: नाश्ता आधी करावा की नंतर? आणि रामकुंडावरून सराफ बाजाराकडे आईने पुलावरून चालत यावं का?

मटकी_रस्सा

सातला दर्शन, साडेआठला मिसळ. पंचवटी कारंजाच्या आसपास मिसळीची दुकानं आहेत, काळा रस्सा मिळाला तर तोच घ्या. रस्सा वेगळा मागवा, आईंना झेपेल तेवढाच घालता येतो. उपवास असेल तर मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडा, गरम असतानाच खायचा. कोंडाजीचा चिवडा सगळ्यात शेवटी घ्या, नाहीतर पिशवी दिवसभर वागवावी लागते.

पंचवटीकर

चालत नको. मिसळीनंतर आईंना पंचवटी कारंजावरून रिक्षाने होळकर पुलावरून रविवार कारंजाला न्या. पलीकडे पुलाजवळच सुंदरनारायण आहे, १७५६चं. दुरुस्तीची परांची बांधलेली असली तरी बाहेरचं कोरीव काम बघण्यासारखं. बाबांना चालायचं असेल तर घाटावरून रामसेतू पुलाने सराफ बाजारात, तो बंद असेल तर गाडगे महाराज पुलावरून. भेटायची जागा रविवार कारंजाचा चांदीचा गणपती ठरवा, कुणालाही विचारलं तरी सांगतील. अकराच्या आत तिथे पोचा, त्यानंतर मेन रोडची गर्दी वाढते आणि रिक्षा थांबायलाही जागा उरत नाही.