मालिकेतलं 'निळं बाळ': प्रसंग खरा कसा वाटेल?

घंटाळीकर: ठाण्यातल्या छोट्या प्रसूतिगृहाचा प्रसंग लिहायचाय. दुसऱ्या दिवशी बाळ निळं पडतं. निदान ट्रान्सपोझिशन, म्हणजे दोन्ही मोठ्या धमन्या उलट्या कप्प्यांतून निघालेल्या. मालिकांत लगेच शॉक देतात, मध्यरात्री ऑपरेशन. यात खोटं किती?

रात्रपाळी: शॉक आधी काढा. ठोके नीट चालू असतात, चुकलेली असते जोडणी. डक्टस ही गर्भातली वाहिनी मिटत आली की रक्त मिसळणं कमी होतं आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, कोसळतं. ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन ई-१ हे औषध सतत शिरेतून द्यायचं. खरं नाट्य तिथंच आहे. ३ किलोचं बाळ, मिनिटाला किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला ९. ५०० मायक्रोग्रॅमची अँप्यूल, एकूण ५० मिलि डेक्सट्रोज, पंपावर ताशी ०.९ मिलि. दशांशचिन्ह घसरलं की डोस दहापट! या औषधानं बाळाचा श्वासच थांबू शकतो, बहुधा पहिल्या काही तासांत. म्हणून हातानं श्वास द्यायची बॅग-मास्क हाताशी. ॲम्ब्युलन्स ऐरोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकवायची तर खुशाल अडकवा, पण बाळाच्या शिरांत दोन लाइन, म्हणजे सलाइनच्या नळ्या, दाखवा. औषधाचा असर मिनिटांत उतरतो, एक सुटली तर दुसरी हवीच.

स्टेथो_वाशी: आणि तो निळा मेकअप नको. सॅच्युरेशन ८०च्या घरात येईतो डोळ्याला नीट कळत नाही, सावळ्या बाळात तर आणखी उशिरा. हातपाय निळसर कित्येक धडधाकट बाळांचे असतात; जीभ बघा. 'मर्मर (हृदयातला जादा आवाज) ऐकू आला' हेही नको, ट्रान्सपोझिशनमध्ये बऱ्याचदा नसतोच. त्यापेक्षा २४ तासांनंतर नर्स उजव्या हाताला आणि एका पायाला सॅच्युरेशन मोजायचा प्रोब लावते, एवढं दाखवा. कुठेही ९०च्या खाली आलं की थेट इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

घंटाळीकर: मग मध्यरात्री काय करतील? ऑक्सिजन?

रात्रपाळी: ऑक्सिजननं आकडा फारसा हलत नाही, डॉक्टरला संशय येतो तो त्यावरूनच. रात्री होईल ते बलून सेप्टोस्टॉमी: नाळेच्या किंवा जांघेच्या शिरेतून कॅथेटर, इकोवर बघत, फुगवलेला बलून झटक्यानं ओढून वरच्या कप्प्यांमधलं छिद्र मोठं करायचं. डॉ. रॅशकिंड यांची १९६६ची युक्ती. आर्टेरियल स्विच, म्हणजे धमन्या योग्य कप्प्यांना जोडायचं ऑपरेशन, नंतर, दिवसाउजेडी, पण दोन-तीन आठवड्यांच्या आत. त्याहून उशीर झाला तर फुप्फुसाच्या कमी दाबावर चालणारा डावा कप्पा दुबळा होतो. ऑपरेशनात मिलिमीटरभराच्या कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या, काढून नव्या जागी शिवायच्या. हात थरथरायला लावणारं काम ते.

स्टेथो_वाशी: बापाला पैशांसाठी घर विकायला लावू नका, त्याचा कंटाळा आलाय. खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात. तिथं बेड रिकामा आहे का, हा फोन लिहा.